आजोबांची शिसवी पेटी

गेल्या पावसाळ्यात कुडाळजवळच्या आमच्या आजोळच्या घराची मागची पडवी खचली. पडवीत आजोबांची पेटी होती. तळ आणि झाकण आधीच वाळवीनं खाल्लं होतं, मातीखाली उरलंसुरलं गेलं. तीन फळ्या मात्र शाबूत निघाल्या. घरात त्या पेटीला सगळे 'शिसवी पेटी' म्हणत. आजीच्या लग्नात ती आली, तिच्यात आधी आजीची लुगडी राहिली, मग पितळेची भांडी आणि शेवटी जमिनीचे कागद.

मामाची नात म्हापशाला शिकते आणि गिटार फार मनापासून वाजवते. मामानं मला फोन केला, "फळ्या कुणाच्या चुलीत जाण्याआधी घेऊन जा आणि पोरीला त्यांची गिटार करून दे." मी पुण्यात गिटारी बांधते आणि दुरुस्त करते. मामा सुतार. वय शहात्तर, पण पटाशीची धार अजून स्वतः लावतो.

दिवाळीनंतरच्या उन्हात आम्ही दोघं खळ्यात बसलो. मध्ये तीन फळ्या, माझी हत्यारांची पिशवी आणि मामाचा जुना रंधा. मामा मालवणीत बोलतो. इथे त्याचं बोलणं मी बहुतेक प्रमाण मराठीत आणलं आहे, जिथे ते आणवलं नाही तिथे तसंच राहू दिलं आहे.

मी पिशवीतून भिंग काढलं.

"ह्यां कित्याक?" मामा म्हणाला.

"लाकूड कुठलं ते बघायला."

"शिसवी. माझ्या जन्माआधीपासून शिसवीच आहे ते."

"फळीवर तर काही लिहिलेलं नाही, मामा."

"लिहिलेलं बघून लाकूड ओळखायची पाळी सुतारावर येत नाही, बाय."

हे तो उगाच म्हणत नव्हता. मी माझ्याकडचे चार ठोकळे काढले आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. पहिला त्यानं पटाशीनं जरासा खरवडला, नाकाशी नेला, बोटांच्या पेरांवरून फिरवला. "साग." कातड्यासारखा तो वास आणि बोटाला लागणारा तेलकटपणा मलाही ओळखता येतो, पण मला त्याच्या दुप्पट वेळ लागला असता. दुसऱ्यावर त्यानं अंगठ्याचं नख रोवलं, तळहातावर तोलला. "शिवण. पाटाला चांगली." तिसरा फणस. चौथा आंबा, तोही "कलमाचा नाही, रायवळ" अशा पुस्तीसह. ती पुस्ती खरी की खोटी हे मला ठरवता येणार नाही. पण चारही नावं बरोबर होती.

"आता ही फळी डोळे मिटून सांग," मी म्हटलं.

त्यानं फळीचा कोपरा खरवडला, हुंगला. पुन्हा हुंगला. "उंडीचं तेल," तो म्हणाला. "आई दर वर्षी लावायची. आणि धूर. पडवीला न्हाणीची चूल होती ना." मग डोळे उघडून फळीचा काळपट तपकिरी रंग, त्यातल्या गडद रेघा मला बोटानं दाखवल्या आणि आपला रंधा तिच्या शेजारी ठेवला. "हा बापाचा रंधा, शिसवीचा. रंग बघ. सारखाच की नाही?"

रंग सारखाच होता. पण ऐंशी वर्षांचा धूर आणि तेल प्यालेल्या लाकडाचा रंग त्याच्या जातीपेक्षा त्या घराबद्दल जास्त सांगतो. नाकाचंही तेच. ताज्या कापाला जो वास असतो तो इतक्या वर्षांत खोल आत गेलेला असतो, वर उरतो तो बिऱ्हाडाचा वास. मामाचं ज्ञान खोटं नव्हतं. ते ज्या खुणांवर उभं होतं त्या या फळीवरून पुसल्या गेल्या होत्या.

मी मामाच्या परवानगीनं फळीच्या टोकाचा एक तुकडा कापला. दहा सेंटिमीटर लांब, पाच रुंद, दोन जाड, म्हणजे बरोबर 100 घनसेंटिमीटर. छोट्या काट्यावर ठेवला. 86 ग्रॅम.

"शिसवी साधारण किती भरते?" मामानं विचारलं.

"साधारण एवढीच."

"मग झालं की!"

"ऐनही एवढाच भरतो, मामा."

"ऐन?" मी घरातल्या कुणाला शिवी दिल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

कोकणातल्या वाचकाला ते समजेल. ऐन म्हणजे राबाचं झाड. त्याच्या फांद्या तोडायच्या, भाताच्या रोपांच्या जागेवर पसरायच्या आणि पावसाआधी जाळायच्या. खोड सरळ निघालं तर घराला वासे, नाहीतर जळण. मामाचा आजा ऐनाच्या सालीची राख पानाला चुन्याऐवजी लावायचा, हे मामानंच मला लहानपणी सांगितलेलं. आजीच्या लग्नातल्या पेटीला ऐन म्हणणं म्हणजे शालूला गोणपाट म्हणण्यासारखं.

पण वजनानं काही ठरत नव्हतं. म्हणून मी नव्या पात्यानं त्या तुकड्याच्या टोकावरून एकच पातळ काप घेतला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. हे एवढं नीट जमलं की अर्धं काम होतं. करवतीनं कापलेल्या टोकावर काहीच दिसत नाही, सगळी छिद्रं भुशानं बुजलेली असतात. धारदार पात्यानं ती उघडतात. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची पेंढीच. भाताची पेंढी मधोमध कापून तिच्या तोंडाकडे पाहिलं तर काडांची भोकं दिसतात, तसं फळीचं टोक दहापट मोठं करणाऱ्या भिंगातून दिसतं. भोकं केवढी आहेत, एकेकटी आहेत की दोन-तीन चिकटून, वाढीच्या वर्तुळाच्या सुरुवातीला दाटली आहेत की सगळीकडे सारखी पसरली आहेत, त्यांच्याभोवती फिकट रंगाची पेशींची वलयं कशी आहेत, त्या वलयांना फुटलेले पंख शेजारच्याला जाऊन मिळतात का, हे सगळं प्रत्येक कुळाचं आपापलं असतं. सागाची भोकं वर्तुळाच्या कडेला रांगेत बसतात, म्हणून साग ओळखायला सोपा. शिसवी आणि ऐन दोघांचीही पसरलेली असतात. दोघांच्याही भोकांभोवती पंखांची वलयं असतात. टोकाकडून पाहिलं तर नवशिक्याची फसगत होणारच. मीसुद्धा अशी फसले आहे.

म्हणून फळीचं टोक बाजूला ठेवून मी तिचं अंग पाहायला घेतलं. शिसवीच्या सपाट कापलेल्या अंगावर, ऊन तिरपं पडेल असं धरलं तर, अगदी बारीक आडव्या लहरी दिसतात. वारा सुटल्यावर खाडीच्या पाण्यावर उठतात तशा, पण केसाएवढ्या. शिसवीच्या लाकडातले पेशींचे पुंजके मजल्यावर मजला रचल्यासारखे एका ओळीत असतात, त्या ओळींच्या या रेघा. ऐनाच्या कुळात अशी रचना नसते. मी सोबत शिसवीचा एक तुकडा आणला होता. तो कुठून आला, कुणी तपासला, सगळं मला माहीत आहे. मामानं तो भिंगाखाली धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "आहेत गो लहरी."

"आता आपल्या फळीवर बघ."

"धुरानं झाकल्या असतील."

"मग तूच रंधा मार."

त्यानं बापाचा रंधा उचलला, पातं अंगठ्यावर तपासलं आणि फळीवरून एक लांब, अखंड काप काढला. धुराखालून तपकिरी, चमकदार लाकूड वर आलं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं भिंग लावलं. ऊन इकडून घेतलं, तिकडून घेतलं. लहरी नव्हत्या.

मी आणखी एक खूण करून दाखवली. पांढऱ्या फडक्यावर स्पिरिटचे थेंब टाकून आधी माझ्या शिसवीच्या तुकड्यावर घासलं. फडकं जांभळट झालं. शिसवी स्पिरिटला असा रंग सोडते, पॉलिश करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मग आजोबांच्या फळीवर घासलं. फिकट चहासारखा डाग आला. शिवाय सकाळपासून मी त्या फळीचा भुसा उडवत होते आणि माझं मनगट स्वच्छ होतं. शिसवीच्या भुशानं माझ्या हातावर पुरळ उठतं, या कुळातल्या पुष्कळ लाकडांचा भुसा कारागिरांच्या कातडीला बाधतो. ही काही शास्त्रीय खूण नाही, पण माझं मनगट मला कित्येकदा आधी सांगतं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बिबळ्याचं बघ. तोही काळा पडतो."

हे विचारल्याबद्दल मला त्याचा फार अभिमान वाटला. बिबळ्यासाठी तर भिंगही लागत नाही. मी बिबळ्याचा भुसा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकला आणि थोड्या वेळानं ग्लास काळ्या कापडासमोर उन्हात धरला. पिवळसर पाण्याच्या कडेला निळी झाक उमटली, मोराच्या मानेसारखी. मधुमेहावर म्हणून बिबळ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायची पद्धत मामाला माहीत होती, पण त्या पाण्यातला निळा रंग त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं ग्लास तीन-चार वेळा उन्हात फिरवला. आजोबांच्या फळीच्या भुशानं पाणी नुसतं मळकट केलं.

"समजा," मामानं ग्लास खाली ठेवला, "समजा ऐनच आहे. मग? नाव कित्याक व्हया तुका? ही गिटार तू विकणार आहेस?"

"नाही."

"मग कुणाला फसवायचं नाही की कुणाकडून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. लाकूड वाजतं का बघ. वाकतं का बघ. चिरतं का बघ. मी जन्मभर हेच पाहिलं. नाव लावलं की माणूस लाकूड बघायचं सोडतो आणि नावाकडे बघत बसतो."

मी फळी उचलली, टोकापासून साधारण पाव अंतरावर चिमटीत धरली आणि मधोमध बोटाच्या पेरानं ठोकली. स्वर उठला आणि लगेच मेला नाही, थोडा रेंगाळला. मामानं मान एका बाजूला कलती करून ऐकलं. "हं," तो म्हणाला. "ह्याला नाव विचारलंस का?"

इथे मला त्याच्या बाजूनं बोलावं लागलं, कारण त्याच्या बाजूचे पुरावे त्याच्यापेक्षा माझ्याकडे जास्त होते. स्पेनमधल्या आन्तोनिओ दे तोरेसनं, ज्याच्या आराखड्यावर आजची शास्त्रीय गिटार उभी आहे, त्यानं 1862 मध्ये पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार बांधली. पुढची फळी मात्र चांगली, स्प्रूसची. आवाज मुख्यतः त्या पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. 1995 मध्ये अमेरिकेत बॉब टेलरनं मालाच्या पॅलेटच्या ओकची गिटार केली आणि खिळ्यांची भोकं लपवण्याऐवजी उठून दिसतील अशी ठेवली. आणि 2018 मध्ये लॅंकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड बदललेल्या सहा गिटारी त्यांनी करून घेतल्या होत्या. त्यांत दुर्मीळ ब्राझिलियन शिसवी होती, आपली भारतीय शिसवी होती आणि साधं, स्वस्त लाकूडही होतं. 52 वादकांनी अंधूक उजेडात, वेल्डरचे गॉगल लावून त्या वाजवल्या. लाकूड कुठलं ते दिसत नव्हतं, तेव्हा महागड्या लाकडाला कुणी वरचढ ठरवलं नाही.

"ऐकलंस?" मामा म्हणाला. "पुठ्ठा चालतो, पॅलेट चालतं. मग माझ्या बापाची पेटी शिसवी म्हणून चालायला काय हरकत?"

त्या 'माझ्या बापाची' वर त्याचा आवाज जरा हलला आणि तो नाव नको का म्हणतो आहे हे मला तिथे कळलं.

मला माझी एक गोष्ट त्याला सांगावी लागली. सुरुवातीच्या वर्षांत एका वखारीतून मी एक गडद फळी घेतली. विकणाऱ्यानं शिसवी म्हणून दिली, मी शिसवी म्हणून घेतली आणि त्या लाकडाची गिटार बांधून आतल्या लेबलावर माझ्या अक्षरात 'शिसवी' लिहिलं. दोन वर्षांनी ती दुरुस्तीला माझ्याकडेच आली. तोवर मी भिंग वापरायला लागले होते. पाठीवर तिरपा उजेड टाकला आणि लहरी दिसल्या नाहीत. स्पिरिटचं फडकं जांभळं झालं नाही. ते लाकूड काय होतं हे मला आजही सांगता येत नाही, पण शिसवी नव्हतं. गिटार उत्तम वाजत होती. मी त्या वादकाला फोन करून सांगितलं आणि फरकाचे पैसे परत केले. पैसे घेताना तो म्हणाला, "मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो की शिसवीचा आवाजच वेगळा."

"तेव्हापासून मला याचं वाईट वाटतं, मामा. तो आवाज कुणाचा होता? कुठल्या तरी झाडाचा होता ना? त्या झाडाला कुणी चांगलं म्हटलं नाही. कौतुक सगळं शिसवीच्या नावावर जमा झालं. आणि मग प्रत्येकाला शिसवीच हवी."

मामा काही बोलला नाही, म्हणून मी बोलत राहिले. हे मला कुणाला तरी नीट सांगायचं होतंच. शिसवी सह्याद्रीत, खाली कर्नाटक-केरळपर्यंत वाढते, फार सावकाश. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा, 1969 च्या सुमारास, मार्टिन या जुन्या अमेरिकन कंपनीनं आपली शिसवी घ्यायला सुरुवात केली आणि मग सगळं जग घेऊ लागलं. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार 1992 पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळपास बंद आहे. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीचं अख्खं डालबर्जिया कूळ त्या कराराच्या दुसऱ्या यादीत आलं. जवळजवळ तीन वर्षं विकायला परदेशी पाठवायच्या गिटारीलाही कागद लागत. तयार वाद्यांना सूट मिळाली ती 26 नोव्हेंबर 2019 पासून. लाकडाला मात्र नियम लागूच आहेत.

"या कागदांच्या कटकटीमुळे मोठ्या कंपन्यांनी फ्रेटबोर्डला दुसरं लाकूड शोधलं," मी म्हटलं. "फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन, यांच्या कित्येक गिटारींच्या माहितीत आज 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं. जगभरातली पोरं त्यावर बोटं ठेवून पहिला कॉर्ड शिकतात. ते काय आहे, ठाऊक आहे?"

"काय?"

"ऐन."

मामा हसला नाही. फळीकडे पाहत राहिला. "राबाचं झाड," तो पुटपुटला.

"तुझ्या नातीच्या पहिल्या गिटारीच्या पट्टीवर ऐनच होता. मी तेव्हा पाहिलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नव्हतंस."

ऊन खळ्यातून उतरायला लागलं होतं. मामानं फळी मांडीवर घेतली आणि खिळ्याच्या एका भोकाभोवतीचा काळा डाग बोटानं चाचपला. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आले की असा निळसर काळा डाग पडतो. ऐनात तुरटपणा भरपूर, सालीनं कातडी कमावतात ती त्यामुळेच. पण हे मी त्या वेळी बोलले नाही.

"आई सांगायची," मामा हळू म्हणाला, "की बाप लग्नाआधी दोन महिने ही पेटी करत होता. पैसे नव्हते. सासऱ्यानं विचारलं, पेटी कसली, तर म्हणाला शिसवी. आईच्या माहेरची माणसं गावभर सांगत गेली, आमच्या पोरीला शिसवी पेटी मिळाली." तो थांबला. "बाप सुतार होता, बाय. त्याला माहीत नसेल?"

मला उत्तर सुचलं नाही. आजोबांना माहीत असणारच. ज्याच्या हातांनी ते झाड ओंडक्यापासून फळीपर्यंत आणलं त्याला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऐन वाळवताना चिरतो, पीळ असलेलं लाकूड रंध्याखाली उचकटतं. ते इतकं सपाट, इतकं गुळगुळीत करायला शिसवीपेक्षा जास्त हात लागतो. मी हे मामाला सांगितलं. आजोबांचं कसब त्या लाकडाचं खरं नाव कळल्यावरच कळतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. शिसवीला चमक आणणं सोपं आहे. ऐनाच्या फळीला शिसवीसारखं करून दाखवणारा माणूस माझा आजोबा होता.

मामानं डोळे पुसले की कपाळ, ते मी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं सुताराच्या आवाजात त्यानं विचारलं, "नक्की ऐन? पैज लावशील?"

"नाही."

"म्हणजे?"

"शिसवी नाही, बिबळा नाही, साग नाही, एवढं नक्की. ऐनाच्या कुळातलं आहे, हेही बऱ्यापैकी नक्की. पण किंजळ त्याच कुळातला. भिंगानं कूळ कळतं, त्या घरातलं नेमकं कुठलं माणूस ते पुष्कळदा कळत नाही. रंगावरून ऐन वाटतो, पण रंगावर विसंबायचं नाही हे आपण सकाळीच पाहिलं."

"मग तुझ्या भिंगाचा उपयोग तरी काय झाला?"

"चुकीचं नाव काढता आलं."

ही गोष्ट मी ज्यांना शिकवते त्यांना सारखी सांगत असते, आणि ती त्यांच्या पचनी पडायला सर्वात जास्त वेळ लागतो. भिंगाखालून लाकडाचं नाव मिळतंच असं नाही. बहुतेक वेळा मिळते ती वगळलेल्या नावांची यादी आणि एक कूळ. पुढे जायचं असेल तर तुकडा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेकडे पाठवता येतो, ती 1906 पासून आहे आणि तिच्याकडे लाकडांच्या नमुन्यांचा फार मोठा संग्रह आहे. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेतही ओळख पटवून देतात. ब्राझीलची शिसवी आपल्या शिसवीपासून वेगळी काढायची असेल तर तिथलेही डोळे कमी पडू शकतात. अमेरिकेत अ‍ॅशलंडच्या वन्यजीव प्रयोगशाळेत लाकडातली रसायनं मोजून ते ठरवतात. घरच्या गिटारीसाठी इतकं करायचं का, हा मामाचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, नको. पण जेवढं कळलं तेवढं लिहायचं आणि त्याच्या पुढचं लिहायचं नाही.

"लिहायचं कुठे?"

"आत. लेबलावर. पन्नास वर्षांनी पाठीला चीर पडली आणि कुणी ती दुरुस्त करायला घेतली तर त्याला कळायला हवं की डिंक कुठला, लाकूड कुठलं, वाकवताना काय झालं होतं. खोटं नाव असेल तर तो माझ्यावर विश्वास ठेवून चुकेल."

मग आम्ही कामाची बोलणी केली. फळी दोन सेंटिमीटर जाड, तिच्यातून चार-पाच पातळ पत्रे सहज निघतील. पाठीचे दोन भाग पुस्तक उघडल्यासारखे जोडायचे, अडीच मिलिमीटरला आणायचे. कडा दोन मिलिमीटरच्या, पाण्यानं ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवायच्या. पीळ असलेलं लाकूड नळीवर तुटायची भीती, म्हणून आधी बाजूच्या लहान फळीतली एक पट्टी वाकवून बघायची, हे मामानं सुचवलं. पुढची फळी स्प्रूसची मी पुण्याहून लावणार. खिळ्यांची भोकं बुजवायची की ठेवायची यावर आम्ही भांडलो. मी म्हणत होते पाठ अडीच मिलिमीटरपर्यंत येता येता भोकाची कड कमजोर होईल. मामा म्हणत होता बापानं मारलेल्या खिळ्याची जागा पोरीला दिसली पाहिजे. दोन भोकं ठेवायची ठरली, जिथे ताण येत नाही अशा जागी, आतून पट्टी लावून.

निघायच्या आधी मी लेबलाचा कागद काढला आणि लिहिलं: पाठ आणि कडा, ऐन किंवा किंजळ, भिंगानं तपासून. मामानं कागद माझ्या हातातून घेतला, माझं पेन घेतलं आणि खाली थरथरत्या अक्षरात भर घातली: कुडाळच्या घरातली पेटी. मग आजोबांचं नाव. मग 'सुतार'.

मी फळ्या चादरीत गुंडाळत होते. मामा उठला नाही. त्यानं बापाचा रंधा मांडीवर आडवा घेतला, पटाशीच्या टोकानं त्याच्या बाजूवरचा मळ नखाएवढ्या जागी खरवडला, जिभेनं बोट ओलं करून ती जागा पुसली आणि माझं भिंग डोळ्याला लावून ती उन्हाकडे धरली. बराच वेळ तो तसाच बसला होता. मी भिंग मागितलं नाही.